उलटी गाडी, तिरकी स्कूटर

आमच्या बाबांच्या स्कूटरचं एक ठरलेलं नाटक असायचं. चालता चालता आचके द्यायला लागली की बाबा सीटखाली हात घालून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर (राखीव पेट्रोलवर) फिरवायचे, आणि रिझर्व्हपण संपलं असेल तर आम्हा सगळ्यांना खाली उतरवून स्कूटर पार तिरकी करून जरा वेळ तशीच धरून ठेवायचे, मग दोनतीन किक आणि चालू! मला वाटायचं तिला झोप येत असणार, म्हणून आडवी करतात.

खरं कारण कळलं ते फोर्डच्या मॉडेल टी या जुन्या मोटारीबद्दल वाचताना. 1908 ते 1927 मध्ये दीड कोटी गाड्या खपल्या, पण पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे न्यायला पंप नाही. टाकी पुढच्या सीटखाली, साधारण 38 लिटरची, आणि पेट्रोल आपलं वरून खाली वाहत जाणार, गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येतं तसं. सपाट रस्त्यावर ठीक आहे हो. पण खडा चढ लागला की गाडीचं नाक वर, म्हणजे कार्बुरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) वर आणि टाकी खाली, त्यात पेट्रोल कमी असेल तर संपलंच, टाकीत असूनही इंजिन उपाशी. बाबांच्या स्कूटरचंही तेच, तिरकी केली की तळाशी उरलेलं पेट्रोल वाहत इंजिनाकडे जायचं.

मग लोक काय करायचे, तर गाडी वळवून चक्क रिव्हर्समध्ये चढ चढायचे! आता इंजिन खालच्या बाजूला, पेट्रोल सुरळीत. शिवाय रिव्हर्सला पहिल्या गिअरपेक्षा जोर जास्त, तो वेगळा फायदा. पण चालवणाऱ्याचं चित्र डोळ्यासमोर आणा, मान पूर्ण मागे वळवलेली, पाय मधल्या पेडलवर (रिव्हर्सचं पेडल मधलं, ब्रेकचं उजवीकडे, आपण बसलो तर पहिल्याच वळणावर खड्ड्यात), एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा स्टिअरिंगखालच्या थ्रॉटलच्या (वेग कमीजास्त करायच्या) दांडीवर.

बरं, पेट्रोल किती उरलंय हे दाखवणारा काटा नाही. सगळ्यांनी उतरायचं, सीटची गादी उचलायची, झाकण काढून आत लाकडी पट्टी बुडवायची आणि किती ओली झाली ते बघायचं. त्या झाकणाला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलं तरी गाडी बंद, कारण हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर येत नाही. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण दोन भोकं का पाडतो, तेच.

आणि टाकीच्या बुडाशी एक छोटी वाटी. पेट्रोलमधलं पाणी जड, ते आणि गंज, कचरा सगळं त्यात जमायचं, मग खाली वाकून तिचा कॉक उघडायचा आणि ते सोडून द्यायचं. थंडीत तेच पाणी गोठून बर्फ व्हायचं आणि पेट्रोलची वाट बंद. मला विचाराल तर अख्ख्या गाडीत सगळ्यात शहाणी वस्तू ती वाटीच.

शेवटी 1926 च्या मॉडेलला बहुतेक गाड्यांत टाकी सीटखालून निघून पुढे, समोरच्या काचेखाली उंचावर आली आणि उलटं चढायची वेळ गेली.

आमच्या घरी मात्र टाकी कुठेही असती तरी फरक पडला नसता. तिरकी करून करून स्कूटर कशीबशी पंपावर पोचायची, आई म्हणायची आता तरी फुल करा, आणि बाबा खिशातून पन्नासची नोट काढायचे.