साल्मोनेला पेशीत शिरला, पण त्याआधी कमिटी! (माझा अनुभव)

साल्मोनेला हा जंतू आतड्याच्या पेशीत कसा घुसतो हा माझा पीएचडीचा विषय. काको-टू सेल्स (माणसाच्या आतड्याच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) आल्या, हूड (जंतूंवर सुरक्षित काम करायचं कपाट) मिळालं, अडलं ते संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीपाशी.

साल्मोनेला टायफीम्युरियम रिस्क ग्रुप 2 मधला, म्हणजे माणसाला आजार करू शकणारा, मंजुरी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण फॉर्म परत आला आणि त्यावर शेरा काय, तर 'जिवंतऐवजी मृत जंतू वापरावेत'. अहो, मेलेला साल्मोनेला शिरणार कसा? तो सुईसारख्या यंत्रणेतून, टाइप थ्री सिक्रीशन सिस्टीममधून, पेशीत प्रोटीन्स टोचतो, त्यातली सोप-ई सारखी प्रोटीन्स पेशीचे रॅक आणि सीडीसी-42 हे स्विच चालू करतात, पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिनची जुळणी बदलते, पेशीचा पडदा उसळून वर येतो आणि जंतूला आत ओढून घेतो, सगळं काही मिनिटांत. टोचायला जंतू जिवंतच लागतो. यर्सिनिया या दुसऱ्या जंतूचं वेगळं, त्याच्या पृष्ठभागावरचं इन्व्हेसिन हे प्रोटीन नुसत्या लेटेक्सच्या मण्यांना लावलं तरी पेशी ते मणी आत घेतात. एवढं सगळं लिहून दिलं, तर पुढची मीटिंग कोरम नाही म्हणून रद्द, मग एक मेंबर परदेशात, मग सही राहिली. इकडे सेल्स थोड्याच थांबतात? मीडिया (पेशींचं पोषक द्रव) बदला, पासेज करा (वाढलेल्या पेशी नव्या भांड्यात वाटून लावा), आणि पासेज नंबर वाढला की त्यांचं वागणं बदलतं. इतकी चिडचिड व्हायची की बस. म्हणून सांगते, फॉर्म आधी टाका, सेल्स नंतर मागवा.

सुटलं कशाने, तर मी सेक्रेटरी सरांना प्रत्यक्ष भेटले आणि एका पानावर इन्व्ह-ए म्युटंटचा (सुईच्या यंत्रणेचं एक जीन बिघडवलेल्या साल्मोनेलाचा) तुलनेसाठीचा कंट्रोल समजावला, तो जिवंत असूनही जवळजवळ आत जात नाही, म्हणजे तुलनेला तोच पुरतो, मग मेलेल्याचा आग्रह कशाला? वेस्ट 121 डिग्रीला ऑटोक्लेव्ह करणार हेही ठळक लिहा, ते सगळे आधी तेच बघतात.

प्रयोग मग सरळ झाला. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक पेशीच्या आत फारसं जात नाही, त्यामुळे बाहेरचे जंतू मरतात, आतले वाचतात, मग ट्रायटन या डिटर्जंटने पेशी फोडून प्लेट करायचं, म्हणजे जंतू वाढायला थाळीवर पसरायचे. वाइल्ड टाइपची (न बदललेल्या जंतूची) प्लेट कॉलन्यांनी भरलेली आणि म्युटंटवर तुरळक ठिपके, काय आनंद झाला म्हणून सांगू!

हां, इन्फेक्शनच्या वेळी मीडियात पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही अँटिबायोटिक्स) नको. जंतूंचं रात्रभराचं कल्चर थेट घालू नका, त्यातलं थोडं नव्या मीडियात वाढवून ताजं सबकल्चर करा, त्यात शिरकाव जास्त होतो. आणि पेशी फोडायच्या आधीचं शेवटचं वॉशही प्लेट करा, बाहेर कोणी जिवंत उरलं असेल तर तिथेच कळतं.