आमच्या घरात तर कुणालाच नव्हता

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कॅन्सर आहे का ते पाहायला शरीरातून काढलेला बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो, त्याचा मेणाचा ठोकळा होतो. मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर घ्यायचे, रंगवायचे, हे माझं काम. निदान डॉक्टर करतात. पण रिपोर्ट न्यायला येणारे नातेवाईक खिडकीशी मलाच भेटतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. "आमच्या घरात तर कुणालाच नव्हता हो!" आता, आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे कॅन्सर जेमतेम पाच ते दहा टक्के. बाकीच्यांत पेशी विभागताना बिघाड साठत जातात. त्याला वय, तंबाखू, दारू, काही विषाणू हातभार लावतात. कधी नुसतं नशीबही आड येतं. एवढं सगळं खिडकीतून कुठे सांगणार? शिवाय बऱ्याच जणांना कारण नको असतं, दोषी माणूस हवा असतो.

1775 साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला. लहानपणीच धुराड्यात चढवलेली पोरं ती. त्यांचा काय दोष होता?

बाईचा रिपोर्ट असला की दोषी लगेच सापडतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर म्हटलं की कुजबुज सुरू. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो, आणि लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो. बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातोही. जिच्या अंगात तो ठाण मांडतो, तिला कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. चारित्र्याचा पंचनामा करणाऱ्यांनी तेवढ्या वर्षांत तिला एकदा तरी तपासणीला नेलं होतं का? 2022 साली या कॅन्सरने जगात सुमारे साडेतीन लाख बायका गेल्या. त्यातल्या 94 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. लस मात्र 2006पासून आहे! माझी चिडचिड होते ती इथे.

परवा आईचा रिपोर्ट घेऊन निघालेली एक बाई वळून म्हणाली, "ताई, माझी तपासणी कुठे होईल?" तिशी उलटलेली होती. मी कागदावर ओपीडीची वेळ लिहून दिली. मागे उभा असलेला नवरा म्हणाला, "आत्ता कशाला?" तिने कागद पर्समध्ये टाकला आणि त्यालाच तारीख विचारली.