लेकाचं घोरणं आणि टॉन्सिलचं ऑपरेशन

लेक साडेचार वर्षांचा होता तेव्हा त्याचं घोरणं पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. सासूबाई म्हणायच्या, "आजोबांवर गेलाय, गाढ झोप लागते पोराला." मलाही तसंच वाटायचं. पण तो मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपायचा. थंडीतही उशी घामानं भिजायची आणि वर्षभर बंद असलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं होतं.

एका रात्री घोरणं मध्येच थांबलं. छाती हलत होती, बरगड्यांखाली खड्डा पडत होता, पण नाकासमोर बोट धरलं तर हवाच लागेना. मनात आकडे मोजले. आठ, नऊ, दहा... मग मोठा आचका देऊन त्यानं श्वास घेतला आणि कूस बदलली. मला पुन्हा झोप लागली नाही.

आधीच्या डॉक्टरांनी "मोठा झाला की जाईल" म्हणून सर्दीचं औषध दिलं होतं. त्यात सात-आठ महिने गेले, याची चुटपुट अजून लागते. या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा पाहिला. टॉन्सिल्स एकमेकांना टेकायला आले होते आणि एक्स-रेत नाकामागच्या ॲडिनॉइड नावाच्या ग्रंथीनं श्वासाची वाट जवळजवळ बुजवलेली दिसली. दीड महिना नाकातला स्प्रे मारला, फरक पडला नाही. मग स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी केली. डोक्याला, छातीला वायरी आणि बोटाला चिमटा लावून तो कसाबसा झोपला. तासाला १४ वेळा श्वास अडत होता. मुलांमध्ये १० च्या वर गेलं की त्रास तीव्र समजतात.

टॉन्सिल काढले तर प्रतिकारशक्ती जाईल, म्हणून घरात दोन दिवस वाद झाला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की हे काम करणाऱ्या ग्रंथी शरीरात आणखी पुष्कळ आहेत.

ऑपरेशन तोंडातूनच होतं, बाहेर टाका नाही. सहा तास उपाशी ठेवलेलं पोर "आई, पोहे" म्हणत होतं, ते ऐकवत नव्हतं. पाऊण तासात बाहेर आणलं. भुलीतून उठताना तो हातपाय झाडत इतका रडला की मी घाबरले. मुलांमध्ये असं होतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. श्वासावर लक्ष ठेवायला एक रात्र तिथंच ठेवून घेतलं.

खरी कसोटी घरी आल्यावर. घशात पांढरा थर, तोंडाला वास, आणि पाचव्या दिवशी "कान दुखतो" म्हणून रडारड. कान ठीक होता. घशाचं दुखणं तिकडे जाणवतं. खपली सुटताना, पाचव्या ते दहाव्या दिवसात, रक्त येऊ शकतं. लाल रंगाचं काही देऊ नका, उलटी झाली तर रक्त ओळखता आलं पाहिजे, असं बजावलं होतं. दुखण्याचं औषध ठरल्या वेळी द्यायचं, रडायची वाट बघायची नाही. दर तासाला दोन घोट पाणी पाजणं हेच माझं काम होतं. गार मऊ भात आणि ताक, यावर आठवडा निघाला.

सूज उतरेपर्यंत थोडं घोरणं होतंच. पंधराव्या दिवसानंतर ते थांबलं. तरी रात्री उठून नाकासमोर बोट धरते, बोटाला ऊब लागते. त्रास तीव्र होता म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी सांगितली आहे. गादीवरचं रबरी कापड मात्र काल धुऊन माळ्यावर टाकलं.