हीटर जिथे थांबतो, तिथे बघा

नागपूरचं नाव काढलं की लोकांना मे महिना आठवतो. इथे पाण्यात उतरायला हीटर लागतो हे बाहेरच्या माणसाला पटतच नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, हवा कोरडी असते, आणि उघड्यावरचं पाणी रात्रीतून गारठतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना किंवा लकव्यातून सावरणाऱ्या माणसाला त्या पाण्यात कसं उतरवणार? स्नायू सैल पडायचे तर पाणी ३२ ते ३४ अंश हवं. मी ज्या फिजिओथेरपी केंद्राचा पूल सांभाळतो, तिथे हे सगळं एका गॅस हीटरवर अवलंबून आहे. नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर झाली, निवृत्तीनंतर हे छोटं यंत्र हाती आलं. छोटं असलं तरी आग, पाणी आणि गॅस एकाच पेटीत आहेत, त्यामुळे शिस्त तीच लागते.

आधी हिशेब सांगतो, कारण बिल बघून घाबरणारे बरेच भेटतात. आमचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, १.२ मीटर खोल, म्हणजे सुमारे ३८ हजार लिटर पाणी. ते एक अंशाने तापवायला ३८ हजार किलोकॅलरी लागतात. एलपीजीच्या एका किलोत साधारण ११ हजार किलोकॅलरी असतात, पण त्यातला पाचवा हिस्सा धुराड्यातून जातो. म्हणजे एका अंशाला सव्वाचार किलोच्या आसपास गॅस. २२ अंशांवरून ३२ वर न्यायचं तर १९ किलोचे सव्वादोन सिलिंडर नुसत्या तापवण्यातच गेले, वरून निसटणारी उष्णता वेगळीच. आमचा हीटर ताशी ५० हजार किलोकॅलरीचा आहे, तासाला जेमतेम एक अंश चढवतो. सकाळी आठला पेशंट यायचे असतील तर सातला हीटर लावून काहीही होत नाही.

निसटणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग बाष्पीभवनाचा असतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या थंडीत तर विचारूच नका. म्हणून शेवटचा पेशंट बाहेर आला की लगेच पाण्यावर कव्हर. पोरांना ते ओढायचा कंटाळा येतो, पण या धंद्यात गॅस वाचवणारी याहून स्वस्त वस्तू मला माहीत नाही.

आता बिघाडाचं. "काका, हीटर पेटूनच नाही राहिला," असा ऑपरेटर पोराचा फोन आला की माझा एकच प्रश्न असतो: "कुठपर्यंत येऊन थांबला रे?" हीटर एकदम पेटत नाही. तो एकेक गोष्ट तपासत पुढे जातो. थर्मोस्टॅटने मागणी केली की आधी पाण्याचा दाब आहे का ते प्रेशर स्विच बघतो. मग ब्लोअर फिरतो आणि हवा येते आहे याची खात्री दुसरा स्विच करतो. मग इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारी कांडी, तापून लाल होतो. मग गॅस व्हॉल्व्ह 'टक्' करून उघडतो, ज्योत धरते, आणि ज्योत खरंच लागली हे काही सेकंदांत फ्लेम सेन्सरला दिसावं लागतं. नाही दिसलं तर गॅस बंद, हीटर लॉक. शेजारी उभं राहून कान देऊन ऐकलं तर कोणत्या पायरीवर गाडी अडली ते कळतं, आणि निम्मं काम तिथेच होतं. न ऐकता थेट कार्ड (हीटरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदलायला सांगणारा मेकॅनिक मी दारातूनच परत पाठवतो.

ब्लोअरसुद्धा फिरला नाही तर मी हीटरला हातच लावत नाही, सरळ पंपाकडे जातो. आमच्या आवारात कडुनिंब आहे. थंडी सरताना त्याची पानं पिवळी पडून झडतात आणि पंपाच्या जाळीत गच्च बसतात. पाणी कमी झालं की प्रेशर स्विच उघडाच राहतो, म्हणजे सर्किट जुळत नाही आणि हीटर पुढे सरकत नाही. जाळी स्वच्छ असेल तर वाळूच्या फिल्टरचा गेज बघायचा. धुतल्यानंतर जेवढा दाब दाखवत होता त्याच्या वर ८-१० पीएसआय चढला असेल तर फिल्टर तुंबलाय, बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुवायचा. हीटरच्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात.

पेटून चार-पाच सेकंदांत विझला, तर संशय फ्लेम सेन्सरवर. त्या कांडीवर पांढुरका थर बसतो आणि तिच्यातून जाणारा अगदी बारीक करंट अडतो. गॅस आणि वीज बंद करून, कांडी काढून, बारीक स्टील वूलने पुसायची. इग्नायटरला मात्र उघड्या बोटांनी शिवायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तो तापल्यावर तडकतो.

पण पेटून दहा-पंधरा मिनिटांनी विझला, तर गोष्ट वेगळी. ही खास जानेवारीतली तक्रार. सिलिंडरमधला द्रव गॅस वाफ होताना स्वतःचीच उष्णता ओढून घेतो. आमचा हीटर पूर्ण ज्योतीवर तासाला साडेचार किलो गॅस मागतो, आणि पहाटेच्या थंडीत १९ किलोचा एकटा सिलिंडर सतत एवढी वाफ देऊच शकत नाही. त्याच्या अंगावर दव धरतं, मग बर्फाची साय येते, दाब पडतो, ज्योत जाते. सिलिंडर मात्र उचलला तर जड लागतो, म्हणून लोक रेग्युलेटर बदलत बसतात. दाब मोजायचा तो हीटर चालू असताना. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पाणी भरलं की मॅनोमीटर तयार. आमच्या हीटरला साधारण २८० मिलिमीटर पाण्याइतका दाब हवा असतो. बंद हीटरवर तो छान दिसेल आणि ज्योत लागल्यावर घसरत जाईल, तर सिलिंडर कमी पडतायत हे नक्की. उपाय म्हणजे मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या पाइपवर, आणखी सिलिंडर जोडणे, म्हणजे प्रत्येकावरचा भार हलका होतो. सिलिंडरवर उकळतं पाणी ओतणारे आणि खाली शेगडी ठेवणारेही मी पाहिलेत. कृपा करून हे कोणी करू नका. माणसं मरतात त्यात.

एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर जमिनीलगत साचतो. आमचा पंप खड्ड्यात आहे, पण हीटर आणि सिलिंडर वर मोकळ्यावर ठेवायचा आग्रह मी पहिल्या दिवसापासून धरला. गळती साबणाच्या पाण्याने बघायची, काडी ओढून नव्हे. वास आला तर मेन व्हॉल्व्ह बंद करायचा, विजेचं एकही बटण दाबायचं नाही, आणि सगळ्यांनी लांब जायचं.

ज्योत निळी हवी. पिवळी, डुलणारी दिसली तर हवा कमी पडते आहे. मग काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. एप्रिल ते जून आमचा हीटर बंद असतो, ऊनच काम करतं. त्या काळात कुंभारीण माशी बर्नरच्या तोंडात मातीची घरं बांधते आणि कोळी जाळी विणतो. म्हणून पुन्हा पेटवण्याआधी बर्नर उघडून ब्रश फिरवल्याशिवाय मी गॅस सोडत नाही.

हवेचंच आणखी एक सांगायचं आहे, कारण इथे फार हलगर्जीपणा चालतो. पंपाच्या खोलीत ब्लीचिंग पावडरचा डबा, ॲसिडचे कॅन आणि शेजारी हीटर, ही मांडणी गावभर दिसते. ती वाफ हीटर हवेबरोबर ओढतो आणि ती आतलं तांबं, लोखंड खाऊन टाकते. क्लोरीनची मात्राही हीटरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या पाइपात पडली पाहिजे, मध्ये पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच.

पाण्याचा विषय मात्र सगळ्यात मोठा. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. कॅल्शियमचा क्षार गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे तो पहिल्यांदा बसतो तो हीटरच्या तांब्याच्या नळ्यांत, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथे तापतं. थर जाड झाला की आत खदखद, ठोके ऐकू येतात, गॅस तेवढाच जळतो आणि पाणी तापत नाही. उलट पीएच ७ च्या खाली गेला तर पाणी तांबंच खातं, भिंतींवर हिरवट-निळे डाग येतात. म्हणून पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ८० ते १२० पीपीएम, आणि मोजणी रोज. रजिस्टरमध्ये आकडा लिहिल्याशिवाय पोराला चहा नाही.

हंगामाच्या सुरुवातीला हीटरखाली पाणी ठिबकलं तर लगेच 'लीक' म्हणून ओरडू नका. पाणी फार गार असलं की धुरातली वाफच नळ्यांवर गार होऊन पाणी बनते. हीटर बंद करून नुसता पंप चालवा. ठिबकणं थांबलं तर ती वाफच होती, चालूच राहिलं तर नळी फुटली.

आणि जंपर. स्विच 'त्रास देतो' म्हणून त्याची दोन टोकं वायरने जोडायची, हा उद्योग मला सहन होत नाही. एका ठिकाणी मी त्याचा परिणाम बघितला. पाणी थांबलेलं, ज्योत चालू, हेडर (नळ्यांची टोकं जोडणारा भाग) वितळून वाकडा आणि नळ्या काळ्या पडलेल्या. तेव्हा शेजारच्या पाण्यात माणसं नव्हती, एवढंच नशीब. स्विच खराब असेल तर नवा आणा, तोपर्यंत पूल बंद ठेवा. पेशंटला दोन दिवस उशीर झालेला चालतो.

पुढच्या रविवारी आम्ही सल्फॅमिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने नळ्या धुणार आहोत. फेस येणं थांबेपर्यंत द्रावण फिरवायचं, मग साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. जवळपासच्या सोसायट्यांतल्या ऑपरेटर मुलांना बघायचं असेल तर सकाळी या. हातमोजे आणि चष्मा आणा, बाकीचं सामान आमच्याकडे आहे.