ऊसतोडीच्या गावातला निकाल

युडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, मुलांचा प्रवर्ग, लिंग, दिव्यांगत्व सगळं भरतो आम्ही शिक्षक. पण बीड जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत निकाल ठरतो तो आईबाप ऊसतोडीला जातात की नाही यावर.

मुकादमाकडून, म्हणजे तोडणीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, ती मार्च-एप्रिलात परततात. पहिलीचं पोर अक्षरं जोडायला लागतं आणि नेमकं तेव्हाच वर्गातून उठतं. वरच्या वर्गांतही, वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत बरोबरीनं असलेली स्थलांतरित लेकरं एप्रिलच्या, वर्षअखेरीच्या संकलित चाचणीत मागं पडलेली दिसतात, आणि बैठकीत शाळेची सरासरी तेवढी वाचली जाते. चीड येते.

हंगामी वसतिगृह योजनेमुळे काही मुलं आजीजवळ राहतात, जेवण गावातच मिळतं. ती टिकतात. पण सहा वर्षांच्या लेकराला आई मागं ठेवत नाही, आणि धाकट्याला सांभाळायला थोरली बहीणही कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागच्या झोपडीत, जाते. तिची शाळा तर सगळ्यात आधी सुटते.

निकालाच्या तक्त्यात स्थलांतरित मुलांचा रकाना वेगळा ठेवा, आणि मे महिन्यात त्यांचे वर्ग घ्यायची परवानगी द्या. शिकवायला मी तयार आहे.