बॉरो आणि लेंड, माझा गोंधळ कसा सुटला

मी दहावीपर्यंत पूर्ण मराठी मिडीयम, बार्शीजवळच्या खेड्यातली. बँकेची परीक्षा द्यायची म्हणून पुण्यात आले तेव्हा मला सगळ्यात जास्त रडवलं ते बॉरो आणि लेंड या दोन शब्दांनी. आयबीपीएस पीओच्या, म्हणजे बँक अधिकारी भरतीच्या, प्रिलिम्सला (पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला) इंग्लिशचे 30 प्रश्न, चुकलं की 0.25 मार्क कट, आणि एरर स्पॉटिंगला, म्हणजे वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नाला, ही जोडी आली की माझा तो प्रश्न गेलाच.

आपल्याकडे शब्द एकच ना, उसनं. काकूंकडून वाटीभर साखर उसनी आणली, काकूंना उसनी दिली, वस्तू कुठून कुठे गेली ते पुढचं क्रियापद सांगतं. इंग्लिशमध्ये दोन्हीला वेगळेच शब्द. अभ्यासिकेत मी शेजारच्या मुलीला रोज म्हणायचे, कॅन यू बॉरो मी युअर पेन, ती पेन द्यायची, मग चूक आहे हे कळणार कसं? बॉरो म्हणजे उसने घेणे, लेंड म्हणजे उसने देणे हे पाठ होतं हो, पण वाक्य समोर आलं की डोकं बंद.

सुटलं ते बँकिंगच्या अभ्यासातच. रेपो रेट म्हणजे ज्या दराने आरबीआय बँकांना लेंड करते तो, आणि रिव्हर्स रेपोत आरबीआय बँकांकडून बॉरो करते. वहीत बाण काढले आणि दिसलं की व्यवहार एकच, फक्त आपण कुणाच्या बाजूने बोलतोय ते बदलतं. आरबीआयसमोर जी बँक बॉरोअर, तीच आपल्याला होम लोन देताना लेंडर!

तेव्हापासून मी आधी कर्ता शोधते. कॅन यू म्हटलं की कर्ता समोरचा, तो देणार, म्हणून लेंड. कॅन आय म्हटलं की कर्ता मी, मी घेणार, म्हणून बॉरो. पेन दोन्हीकडे माझ्याकडेच येतो, तरी शब्द बदलतो, इथेच मी इतके महिने अडकले होते. बॉरोसोबत फ्रॉम, लेंडसोबत टू, आणि लेंडचं भूतकाळी रूप लेंट, लेंडेड नाही, हे मग लगेच बसलं.

धाकटा भाऊ आता टीच आणि लर्नमध्ये तसाच अडकलाय, सर लर्न मी मॅथ्स असं लिहितो, शिकणे आणि शिकवणे आपल्याकडे एकाच घरातले शब्द म्हणून. त्यालाही कालपासून आधी कर्ता शोधायला लावलंय.