पीएच नॉर्मल आला, मग पेशंट इतका आजारी कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून. ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेले डॉक्टर हा प्रश्न हमखास विचारतात. एबीजीच्या (धमनीच्या रक्तातली आम्लता, म्हणजे पीएच, आणि वायू मोजणाऱ्या तपासणीच्या) स्लिपवर आकडा बिघडल्याचा एकही बाण नसतो आणि पेशंट मात्र अर्धमेला पडलेला असतो.

मशीन एकेक आकडा सुटा तपासतं. त्यांची तोंडमिळवणी आपल्यालाच करावी लागते.

किडनी फेल झालेला, दोन दिवस उलट्या करणारा पेशंट घ्या. पीएच 7.40, पीसीओटू (श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड) 40, बायकार्ब (आम्ल शोषून घेणारा क्षार) 24. अगदी पुस्तकी. आता सोडियम 140 आणि क्लोराइड 90 बघा. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा केलं की जो फरक उरतो तो अ‍ॅनायन गॅप; इथे तो 26 येतो. असायला हवा साधारण 12. म्हणजे 14 इतकं आम्ल जास्तीचं आहे. त्याने बायकार्ब 10 पर्यंत उतरलं असतं, पण उलट्यांनी पोटातलं आम्ल बाहेर जाऊन ते पुन्हा वर चढलं. दोन बिघाडांनी एकमेकांना झाकलं. मेळघाटातल्या कुपोषित पेशंटमध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) 4 ऐवजी 2 असेल, तर गॅपमध्ये 5 मिळवा, नाहीतर वाढलेला गॅपही साधाच दिसेल.

फवारणीच्या दिवसांत याहून फसवा रिपोर्ट येतो. कपाशीवर ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेला माणूस, नातेवाईक सांगतात, "दम लागून रायला जी." पीएच 7.10, बायकार्ब 12, पीसीओटू 40. या 40 पुढे बाण येत नाही. पण रक्तात आम्ल वाढलं की माणूस जोरात श्वास घेऊन पीसीओटू खाली आणतो; बायकार्बची दीडपट अधिक 8 केलं की अपेक्षित पीसीओटू 26 येतो, दोन इकडे-तिकडे. तो 40 वर अडलाय, कारण श्वासनलिका स्रावाने भरल्यात आणि छातीचे स्नायू थकलेत. श्वासनलिकेत ट्यूब टाकायची तयारी करा.

पीसीओटू 70 असेल, म्हणजे श्वास कमी पडत असेल, तर बायकार्ब बघा. 27 च्या आसपास असेल तर बिघाड आताचा आहे, मण्यार चावून श्वासाचे स्नायू लुळे पडल्यावर होतो तसा. 34 च्या पुढे असेल तर जुना, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आजीचा.

अर्थात सॅम्पल बिघडलं तर हे सगळं गणित वाया. सिरिंजमध्ये पातळ हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त राहिलं तर पीसीओटू आणि बायकार्ब खोटे कमी येतात. हवेचा बुडबुडा राहिला तरी पीसीओटू घसरतो. तो लगेच काढा. प्लास्टिकच्या सिरिंजमधलं सॅम्पल अर्ध्या तासात मशीनवर लागायला हवं, कारण रक्तपेशी सिरिंजमध्येही जिवंत असतात; पीएच उतरतो, पीसीओटू चढतो. मे महिन्याच्या उन्हात जिल्ह्याच्या गावी सॅम्पल पाठवण्यापेक्षा पेशंटच हलवलेला बरा.

धमनी सापडत नसेल तर शिरेतलं रक्तही चालतं: पीएच साधारण 0.03 ने कमी, पीसीओटू 5 ने जास्त धरा. शॉकमध्ये मात्र हा फरक बराच वाढतो आणि ऑक्सिजनचा आकडा तर कधीच धरू नका. तो बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरच बघा.